स्टेंटनंतरच्या गोळ्या, तंबाखू आणि आषाढीची वारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडील 54 वर्षांचे, फलटण तालुक्यात शेती. गेल्या श्रावणात हार्ट अटॅक आला. डाव्या बाजूच्या मुख्य रक्तवाहिनीत एक स्टेंट टाकला, उजव्या रक्तवाहिनीतला 50 टक्के ब्लॉक तसाच ठेवला. हृदयाचं पंपिंग, म्हणजे रक्त पुढे ढकलण्याची ताकद, 45 टक्के, रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू, शुगर नाही. आता छातीत काही त्रास नाही. पिंडऱ्या दुखतात म्हणून दोन महिन्यांपूर्वी त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी आपणहून सोडली. 'ब्लॉक तर काढलाय' म्हणून बाकीच्याही सोडायचं त्यांच्या मनात आहे. तंबाखू कमी झाली, सुटली नाही. आषाढीला पायी वारी करायची आहे. कुणीतरी सलाईनमधून ब्लॉक धुऊन काढायचा उपचार सुचवला आहे. आणि तुम्ही स्वतः 31 वर्षांचे, पुण्यात बैठी नोकरी, स्वतःबद्दल धास्तावलेले.

या आठवड्यात काय करायचं ते आधी सांगतो. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. कोलेस्टेरॉलची गोळी पुन्हा सुरू करायची, कोणती आणि किती ते त्यांच्या डॉक्टरांना भेटून. तंबाखू पूर्ण बंद. सलाईनचा उपचार नको. वारीचं तपासणीनंतर ठरवू, नाही असं मी आत्ताच म्हणत नाही.

आता कारणं. ती वडिलांना पटली तरच गोळ्या चालू राहतील, म्हणून त्यांना वाचून दाखवा.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराखाली चरबीचा थर वर्षानुवर्षं साचत जातो. याची सुरुवात बहुधा विशी-तिशीतच होते. अटॅक मात्र एखाद्या दिवशी अचानक येतो, कारण त्या थरावरचं पातळ आवरण फाटतं, तिथे काही मिनिटांत रक्ताची गुठळी धरते आणि वाट बंद होते. लोकांना वाटतं की ब्लॉक 70, 80, 90 टक्के असा वाढत गेला आणि शेवटी 100 झाला की अटॅक येतो. प्रत्यक्षात अनेकदा 40-50 टक्क्यांचा, कधीही त्रास न दिलेला थरच फाटतो. म्हणूनच आदल्या महिन्यात ट्रेडमिल टेस्ट नॉर्मल आलेल्या माणसालाही अटॅक येऊ शकतो. तुमच्या वडिलांच्या उजव्या रक्तवाहिनीतला तो 50 टक्के ब्लॉक नेमका या जातीचा आहे.

मग तिथेही स्टेंट का टाकला नाही? अटॅक आलेल्या रुग्णांमध्ये दुसऱ्या रक्तवाहिनीतला ब्लॉक 70 टक्के किंवा जास्त असेल, किंवा 50 ते 69 टक्के असून दाब मोजल्यावर तो रक्तप्रवाह अडवतो असं दिसलं, तर तोही उघडल्याने पुढचे अटॅक कमी होतात. 2019 साली कम्प्लीट नावाच्या चाचणीने हे दाखवलं. प्रवाह न अडवणाऱ्या 50 टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये सहसा स्टेंट टाकत नाहीत. ज्यांना अटॅक आलेला नाही, फक्त चालताना छाती भरून येते, अशा स्थिर रुग्णांवर 2007 साली करेज आणि 2020 साली इस्केमिया या मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. इस्केमियात 37 देशांतले 5179 रुग्ण होते. चांगल्या औषधोपचाराला अँजिओप्लास्टी किंवा बायपासची जोड दिल्यावर छातीतलं दुखणं जास्त कमी झालं, पण मृत्यू आणि अटॅक मिळून काही फरक पडला नाही. चालू अटॅकमध्ये मात्र अँजिओप्लास्टी जीव वाचवते. वडिलांचा वाचला तो त्यामुळेच. म्हणजे स्टेंटने तेव्हाचं संकट टाळलं, आजार आहे तिथेच आहे.

शेतकऱ्याला हे समजावताना मी ठिबकचं उदाहरण देतो. पाण्यात क्षार असले की ड्रीपर बुजतात. एक ड्रीपर खोलून साफ केला तर त्या झाडाला पाणी मिळतं, पण पाणी तेच असेल तर बाकीच्या लॅटरलमध्ये क्षार साचतच राहतात, म्हणून सगळ्या लाईनला आम्ल प्रक्रिया करावी लागते. स्टेंट म्हणजे तो एक साफ केलेला ड्रीपर. रोजच्या गोळ्या आणि तंबाखूमुक्ती ही सगळ्या लाईनची प्रक्रिया.

गोळ्यांकडे येतो. ऍस्पिरिन आणि तिच्या जोडीची क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलोर किंवा प्रासुग्रेल यांपैकी एक, अशा दोन गोळ्या अटॅकनंतर साधारण 12 महिने एकत्र घ्यायच्या असतात. स्टेंट ही धातूची जाळी आहे. तिच्यावर शरीराचं स्वतःचं अस्तर नीट चढेपर्यंत तिथे गुठळी होण्याचा धोका राहतो. ती झाली तर पुन्हा मोठा अटॅक येतो आणि त्यात माणूस दगावण्याचं प्रमाण बरंच जास्त आहे. तुमच्या वडिलांना अजून वर्ष झालेलं नाही. दात काढायचा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, कुणीही 'पाच दिवस गोळ्या थांबवा' म्हटलं, तरी हृदयरोगतज्ज्ञांना फोन केल्याशिवाय थांबवायच्या नाहीत. बहुतेक वेळा दात या गोळ्या चालू ठेवूनच काढता येतो. वर्ष झाल्यावर जोडीची गोळी बंद करायची का ते डॉक्टर ठरवतील. त्यानंतरही सहसा एक गोळी कायम राहते. शौच काळी आणि चिकट होऊ लागली, उलटीत रक्त दिसलं, तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं.

आता स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी. सगळ्यात जास्त गैरसमज हिच्याबद्दल आहेत आणि माझ्याकडे येणारे रुग्ण सगळ्यात आधी हीच सोडतात. जपानचे अकिरा एन्दो यांना 1970च्या दशकात एका बुरशीत पहिलं स्टॅटिन सापडलं. 1994 साली उत्तर युरोपातल्या 4444 हृदयरुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. निम्म्यांना सिम्वास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. पाच वर्षांहून थोड्या जास्त काळात स्टॅटिन घेणाऱ्यांमध्ये मृत्यू 30 टक्क्यांनी कमी झाले. ही गोळी रिपोर्टमधला आकडा खाली आणते आणि त्याबरोबर चरबीच्या थरावरचं आवरण घट्ट करते, थर फाटण्याची शक्यता कमी करते. म्हणून कोलेस्टेरॉल 'नॉर्मल' असलेल्या हृदयरुग्णालाही ती देतात. लॅबच्या कागदावरची नॉर्मलची रेघ निरोगी माणसासाठी असते. अटॅक येऊन गेलेल्यांसाठी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 55च्या खाली हवं.

तुम्ही पाठवलेले आकडेच बघा. डिसेंबरात गोळी चालू असताना एलडीएल 64, गोळी सोडल्यावर 121. म्हणजे गोळी चालू असतानाही ते 55च्या वरच होतं. अशा वेळी स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल साधारण 6 टक्केच आणखी उतरतं. तिच्यासोबत एझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची दुसरी गोळी दिली तर जवळपास 20 टक्के. 64 वरून 20 टक्के म्हणजे 51, उद्दिष्टाच्या आत. डॉक्टरांना ही जोडी चालेल का ते विचारा.

पण पिंडऱ्यांचं दुखणं मी झटकून टाकणार नाही. तंबाखू खाणाऱ्या हृदयरुग्णाच्या पिंडऱ्या दुखतात म्हटलं की मी आधी एक गोष्ट विचारतो: दुखणं कधी येतं? ठरावीक अंतर चाललं की पिंडरी आवळून येते, दोन-चार मिनिटं उभं राहिलं की थांबते, पुन्हा तेवढंच चाललं की पुन्हा येते, असं असेल तर दोष गोळीचा नसून पायाच्या रक्तवाहिन्यांत तोच आजार असण्याची शंका घ्यायला हवी. पावलांवरच्या नाड्या हाताने तपासून आणि घोटा व दंडाच्या रक्तदाबाची तुलना करून त्याचा अंदाज येतो. तसं असेल तर स्टॅटिनची गरज आणखी वाढते आणि वारीचा विचारही वेगळा करावा लागतो.

दुखणं दोन्ही मांड्या-पिंडऱ्यांत, बसल्या जागीही असेल, तर सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते दाखवणारी रक्ततपासणी), थायरॉइड आणि ड जीवनसत्त्व तपासावं. लघवी गडद तपकिरी झाली किंवा पायांत ताकदच राहिली नाही, तर गोळी थांबवून लगेच दवाखाना गाठायचा. असं क्वचितच होतं. बाकी वेळी गोळी बदलून, डोस कमी करून, बहुतेकांना स्टॅटिन चालतं. इंग्लंडमध्ये स्नायूदुखीसारख्या त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांवर एक प्रयोग झाला, 2020 साली तो प्रसिद्ध झाला. त्यांना वर्षभर काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी खोटी गोळी, काही महिने काहीच नाही, असं दिलं. स्टॅटिनच्या महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्याच्या 90 टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. दुखणं खरंच होत होतं, पण त्याचं मूळ बहुतांशी औषधात नव्हतं. हे कळल्यावर त्यातल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली.

दुखण्यावर घेतल्या जाणाऱ्या गोळ्या मात्र खरोखर धोक्याच्या आहेत. गुडघा, कंबर, पाय दुखले की मेडिकलमधून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन घेऊन येतात. हृदयरुग्णात त्यांनी अटॅकचा, मूत्रपिंड बिघडण्याचा आणि पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आयब्युप्रोफेन तर ऍस्पिरिनच्या कामातही अडथळा आणते. दुखलंच तर पॅरासिटामॉल. हृदयाचे ठोके संथ ठेवणारी गोळी, म्हणजे मेटोप्रोलोल किंवा बिसोप्रोलोल, चालू असेल तर ती एकदम कधीच तोडायची नाही. रक्तदाब 130/80च्या आत हवा. महिन्याचा खर्च जड जात असेल तर यातली बहुतेक औषधं जनऔषधी केंद्रात खूप स्वस्त मिळतात. गोळी सोडण्यापेक्षा दुकान बदला.

तंबाखूबद्दल मी कुणाशीही तडजोड करत नाही. गावाकडे समज असा की धूर छातीत जातो म्हणून विडी वाईट, चुना लावून दाढेखाली धरलेली तंबाखू तेवढी वाईट नाही. 52 देशांत झालेल्या आणि 2004 साली प्रसिद्ध झालेल्या इंटरहार्ट अभ्यासाने चघळायच्या तंबाखूनेही अटॅकचा धोका वाढतो असं दाखवलं. दाढेखालच्या तंबाखूतून निकोटिन रक्तात जातंच, ठोके आणि रक्तदाब वाढवतं. 'कमी केलीये' म्हणणारा माणूस ताण आला की पुन्हा पहिल्यावर येतो, म्हणून तारीख ठरवून पूर्ण बंद करायची. पहिले तीन-चार दिवस सर्वात वाईट जातात, चिडचिड होते, झोप उडते, शौचाला होत नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत ती तलफ ओसरते. घरच्यांनी त्या दिवसांत वाद टाळावेत. निकोटिनची चघळायची गोळी डॉक्टरांना विचारून वापरता येते. तंबाखूच्या पुड्यांवर छापलेला 1800-11-2356 हा सरकारी मोफत क्रमांक आहे, तिथे सोडण्यासाठी सल्ला मिळतो. तोंडात काहीतरी हवं म्हणून साधी सुपारी नको, ती कर्करोग घडवते. बडीशेप, लवंग चालेल.

जेवणाचं फार अवघड करू नका. ज्वारी-बाजरीची भाकरी, पालेभाजी, मटकी-हरभऱ्याची उसळ, ताक, फळ हे उत्तम जेवण तुमच्या घरात आधीपासून आहे. कमी करायचं ते मीठ आणि तेल. दिवसाला एकूण मीठ 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर. त्यात लोणचं, पापड, खारे शेंगदाणे, ताकातलं मीठ सगळं आलं. तेल माणशी महिन्याला अर्धा लिटरच्या आसपास. शेंगदाण्याचं तेल वाईट नाही, प्रश्न किती वापरतो याचा आहे. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर भारतात 2022 पासून 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तरी त्याच कढईत पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातली भजी-वडे आणि बेकरीची खारी टाळाच. उपवासाला साबुदाण्याची तुपातली खिचडी खाण्यापेक्षा फळं, दूध, भगर बरी. एकादशी असली तरी गोळ्या घ्यायच्या. औषधाने उपवास मोडत नाही हे घरातल्या मोठ्यांनी त्यांना सांगावं, डॉक्टरपेक्षा त्यांचं ते ऐकतील.

सलाईनच्या उपचाराला किलेशन म्हणतात. अटॅक येऊन गेलेल्या मधुमेही रुग्णांवर अमेरिका आणि कॅनडात झालेल्या मोठ्या चाचणीत, 2024 साली, त्याचा काही फायदा दिसला नाही. त्यासाठी शेत गहाण टाकू नका.

आता वारी. पंपिंग 45 टक्के, सहा महिन्यांहून जास्त काळ छातीत दुखलेलं नाही, ही चांगली बाजू. आधी टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी), ईसीजी, आणि डॉक्टरांच्या देखरेखीत टीएमटी, म्हणजे ट्रेडमिल टेस्ट, करा. पायांच्या नाड्या तपासून घ्या. सगळं ठीक असेल तर आजपासून तयारी. सकाळी उन्हाआधी 20 मिनिटं सपाट रस्त्यावर, बोलता येईल इतक्या वेगाने, आणि दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत जायचं. वैशाखाच्या शेवटी त्यांना विश्रांती घेत घेत रोज आठ-दहा किलोमीटर निवांत जमत असतील तरच निघायचं.

माझा सल्ला असा की या वर्षी आळंदीहून निघू नये. पुणे ते सासवड हा दिवे घाटाचा टप्पा लांब आणि चढाचा आहे. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव करत फलटणलाच येते. तिथून सामील झाले तर पंढरपूर शंभर किलोमीटरच्या आसपास राहतं, रस्ता बराचसा सपाट, आणि एखाद्या दिवशी थकले तर दिंडीच्या गाडीत बसता येतं. गाडीत बसायला त्यांनी आधीच कबूल व्हावं. तेव्हाही दोन्ही गोळ्या चालू असतील, म्हणून पायाला जखम झाली तर रक्त थांबायला वेळ लागेल. पायात मऊ, त्यांच्या सवयीचे झालेले बूट हवेत. वाटेवरच्या आरोग्य शिबिरात पाय दुखतात म्हणून वेदनाशामक गोळी किंवा इंजेक्शन मिळतं, तिथे 'मला स्टेंट आहे' हे आधी सांगायचं. जुलाब-उलट्या झाल्या तर रक्तदाबाच्या गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारायचं, कारण अंगातलं पाणी कमी झालं की रक्तदाब एकदम खाली येतो. सर्व गोळ्या दोन जागी ठेवा, एक संच त्यांच्या खिशात, एक सोबत्याकडे, शिवाय डिस्चार्ज कार्डाचा आणि ईसीजीचा फोटो मोबाइलमध्ये. निघण्याआधी फ्लूची लस घेतलेली असावी. अटॅक येऊन गेलेल्यांनी ती दरवर्षी घ्यावी.

छातीच्या मधोमध दाबल्यासारखं, जड झालं, डाव्या हातात, जबड्यात, पाठीत कळ गेली, दरदरून घाम फुटला, तर 'पित्त झालंय' म्हणून सोडा किंवा ओवा देत बसू नका. खाली बसवा, चालू देऊ नका, 108ला फोन करा. ऍस्पिरिनची 300 ते 325 मिलिग्रॅमची गोळी चावून खायला द्या, ऍलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल तर. जिभेखालची सॉर्बिट्रेट डॉक्टरांनी दिली असेल तरच, आणि बसवूनच, कारण तिने रक्तदाब उतरतो. दुचाकीवर मधे बसवून नेऊ नका.

पहिलं ठिकाण म्हणजे जिथे लगेच ईसीजी निघेल ते. त्यात मोठा अटॅक दिसला आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच घेऊन मग पुढे न्यायचं. फलटणहून पुण्याला पोहोचायलाच तेवढा वेळ जातो. 'आम्हाला थेट मोठ्या हॉस्पिटलला न्यायचंय' म्हणून हे इंजेक्शन नाकारणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. त्या दोन-तीन तासांत हृदयाचा जो स्नायू मरतो तो नंतर कुठल्याही स्टेंटने परत येत नाही. तुमच्या भागात ईसीजी कुठे, इंजेक्शन कुठे, चोवीस तास अँजिओप्लास्टी कुठे, आणि तिथे महात्मा फुले जन आरोग्य योजना चालते का, हे आजच विचारून लिहून ठेवा.

तुमचं स्वतःचं. वडिलांना 55च्या आत अटॅक आला म्हणजे तुमचा धोका सरासरीपेक्षा जास्त. इंटरहार्टमध्ये दक्षिण आशियाई लोकांना पहिला अटॅक सरासरी 53व्या वर्षी आलेला दिसला, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. त्याच अभ्यासात बहुतेक धोका तंबाखू, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, मधुमेह, पोटाचा घेर, ताण, आहार, व्यायाम आणि मद्य या नऊ बाबींत सामावलेला होता, आणि त्यातल्या बहुतेक तुमच्या हातात आहेत. रक्तदाब, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) तपासा, आणि आयुष्यात एकदा लिपोप्रोटीन (ए), हा रक्तातला कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक कण आहे. हा आनुवंशिक असतो, डेसीलिटरला 50 मिलिग्रॅमच्या वर असेल तर एलडीएलवर जास्त कडक राहावं लागतं. कमरेचा घेर 90 सेंटिमीटरच्या आत ठेवा, आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला. वडिलांची ऍस्पिरिन 'खबरदारी म्हणून' तुम्ही घेऊ नका. आजार नसलेल्यात तिचा फायदा नगण्य आणि रक्तस्रावाचा धोका खरा आहे. त्रास नसताना अँजिओग्राफीही नको.

आईंबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही. पाळी थांबल्यावर बायकांचाही धोका वाढत जातो, आणि त्यांच्यात अटॅक कधी नुसती धाप, मळमळ, पाठदुखी, कमालीचा थकवा अशा रूपात येतो, त्यामुळे घरात कुणाच्या लक्षात येत नाही. वडिलांना दाखवायला न्याल तेव्हा त्यांचाही रक्तदाब, साखर, लिपिड आणि ईसीजी करून घ्या. मिश्री लावत असतील तर तीही तंबाखूच, वडिलांची तंबाखू ज्या दिवशी बंद होईल त्याच दिवशी ती बंद करा.